पहाटेचं विमान, रात्री परत: सांगली-साताऱ्याहून एका दिवसासाठी कुठलं शहर निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. गेल्या काही वर्षांत असे बरेच प्रवास केले: पहाटेच्या विमानानं जायचं, एक शहर बघायचं, रात्री परत फिरायचं. मुक्काम नाही, हॉटेल नाही, खांद्यावर एक पिशवी. पहिला प्रवास आईसाठी होता. शेतावरून जाणारी विमानं तिनं आयुष्यभर मान वर करून बघितली होती, एकदा आत बसायची तिची इच्छा होती. तेव्हापासून नात्यातले, शेजारचे, ऑफिसातले लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढली.

हे खरंच एका दिवसात होतं का?

पुण्यात राहणाऱ्याचं होतं. सांगलीकराचं एक दिवस आणि दोन रात्रींत होतं. रात्री जेवून निघायचं, दुसरा पूर्ण दिवस परगावी, आणि तिसऱ्या दिवशी उजाडताना घरी. घराबाहेर साधारण तीस तास जातात. रजा मात्र एकाच दिवसाची लागते आणि रविवार धरला तर तीही नाही. सातारकरांचं गणित बरंच सोपं आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ एवढं जवळ असताना पुण्याला कशाला जायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. जयसिंगपूर-हातकणंगले-शिरोली करत उजळाईवाडी सांगलीपासून साधारण पन्नास किलोमीटर. दीड तासात विमानतळावर. २०२४ च्या मार्चमध्ये झालेली नवी टर्मिनल इमारत दगडी कमानींची, देखणी आहे. मलाही तिथूनच जायला आवडतं.

अडचण वेगळी आहे. छोट्या विमानतळावर एखाद्या शहराचं दिवसाला एकच विमान असतं, काही शहरांचं तर आठवड्यातून ठरावीक वारीच. ते येतं, उतारू उतरवतं, नवे घेतं आणि अर्ध्या-पाऊण तासात माघारी फिरतं. म्हणजे तुम्हाला तिकडं सोडणारं विमान तिकडून लगेच दुसरीकडं जातं आणि परतीचं मिळतं थेट उद्या किंवा परवा. दिवसाच्या फेरीला एकाच दिवशी दोन विमानं लागतात, एक सकाळचं न्यायला आणि एक रात्रीचं आणायला. अशी जोडी मिळते मोठ्या विमानतळावर, आणि आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं विमानतळ म्हणजे पुण्याचं लोहगाव.

तरी उजळाईवाडी पूर्ण सोडू नका. जाताना कोल्हापूर आणि येताना पुणे, किंवा उलट, असं करता येतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढायची, कंपन्याही वेगळ्या चालतात. हैदराबाद आणि बंगळूरसाठी ही युक्ती कधी कधी छान जमते. मात्र वेळापत्रक दर हंगामात बदलतं. मार्चअखेर उन्हाळी लागतं, ऑक्टोबरअखेर हिवाळी. तेव्हा मागच्या वर्षी कुणी गेलं होतं यावर विसंबू नका, आपल्या तारखेचं बघा.

बेळगावचं सांबरा?

मिरज तालुक्याचा दक्षिण भाग आणि कर्नाटक सीमेजवळच्या गावांना सोयीचं. एरवी तीच अडचण, विमानांची जोडी मिळणं.

कवलापूर किंवा कराडहून काही?

कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या जागेवर विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. आज मात्र कवलापूर किंवा कराड, दोन्हीकडून नियमित प्रवासी विमान नाही.

आधी शहर ठरवायचं की आधी विमान?

आधी विमानांची जोडी. माझं सगळं सांगणं या एका ठिकाणी येऊन थांबतं. लोक नकाशावरचं अंतर बघतात किंवा तिकिटाचा दर बघतात. बघायचे असतात ते त्या शहरात हातात उरणारे तास.

हैदराबादचंच उदाहरण घेऊ. पुण्याहून सव्वा तासाचं उड्डाण. विमान पहाटे सहाला निघालं तर सव्वासातला उतरतं. सामान टाकलेलं नसेल तर वीस मिनिटांत बाहेर, नाश्ता करून नऊपर्यंत शहरात. परतीचं विमान रात्री साडेआठचं धरा. सातला विमानतळावर हवं, म्हणजे साडेपाचला शहर सोडायचं. हातात आले साडेआठ तास.

आता तेच शहर, तेच अंतर, पण सकाळचं विमान साडेदहाचं आणि परतीचं संध्याकाळी पाचचं. दर कमी दिसतो, म्हणून लोक हेच घेतात. पावणेबाराला उतरलात, शहरात सव्वा वाजता. पाचच्या विमानासाठी साडेतीनला विमानतळावर, म्हणजे दोनला निघायचं. हातात पाऊण तास! तिकिटाला पैसे पडले ते पडलेच, त्यात धड जेवणही व्हायचं नाही.

म्हणून कागद घ्या आणि उतरल्यापासून परत उडेपर्यंतचे तास लिहा. त्यातून बाहेर पडायची वीस मिनिटं, विमानतळ ते शहर दोन वेळचा रस्ता आणि परतीच्या आधीचा दीड तास वजा करा. उरलेले तास सहापेक्षा कमी असतील तर ते शहर त्या दिवसापुरतं सोडा. आठ असतील तर डोळे झाकून जा.

पहिल्या खेपेला सगळ्यात सोपं शहर कुठलं?

माझं मत हैदराबाद. शमशाबादचं विमानतळ २००८ मध्ये सुरू झालं, शहरापासून लांब आहे, पण रस्ता मोकळा मिळतो. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावाचा साडेअकरा किलोमीटरचा उन्नत मार्ग थेट मेहदीपट्टणमला आणून सोडतो. विमानतळाच्या पुष्पक बस आहेत. हिंदी सगळीकडं चालते, आणि तिथली दखनी हिंदी आपल्या कानाला ओळखीची लागते. त्यात ‘नक्को’ ऐकलं की मराठी माणूस हसतोच.

एका दिवसात पूर्ण हैदराबाद बघायला जाऊ नका. शहराचे दोन भाग करा आणि एकच निवडा.

पहिला भाग मुसी नदीकाठचा: सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा, चारमिनार. संग्रहालय सकाळी दहाला उघडतं. आत एक जुनं इंग्रजी घड्याळ आहे, दर तासाला त्यातून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटा वाजवतो. बाराला तो बारा ठोके देतो, म्हणून पावणेबारापासून लोक समोर जागा धरून बसतात. आईला मूर्ती, तलवारी, गालिचे यांपैकी काही फारसं आठवत नाही, तो घंटा वाजवणारा माणूस आठवतो. पातळ पदराआड चेहरा दिसणारी संगमरवरी रिबेकाही तिथंच आहे, बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची. दुपारी चौमहल्ला, आणि ऊन उतरलं की १५९१ चा चारमिनार, शेजारी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट. तिथून साडेपाचला निघायचं म्हणजे निघायचंच, बांगड्यांच्या लाड बाजारात पाय अडकतो.

दुसरा भाग गोवळकोंडा आणि जवळची कुतुबशाही घुमटं. किल्ल्याच्या दारात टाळी वाजवली की वर बालेकिल्ल्यावर ऐकू येते. चढ बराच आहे. गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन गेलात तर खालचा भागच करा. सज्जनगड, अजिंक्यतारा नेहमी चढणाऱ्यांना काही वाटणार नाही.

आई-वडिलांना पहिल्यांदा विमानात बसवायचंय. कुठं नेऊ?

नागपूर. भाषा आपली, त्यामुळं वडीलधारी माणसं बुजत नाहीत, रिक्षावाल्याशी स्वतः बोलतात, दुकानात भाव करतात. विमानतळ शहराच्या कडेलाच आहे, शहरात शिरायला तास-दीड तास जात नाही. वर्धा रस्त्यावर मेट्रो आहे, ती सीताबर्डीला आणून सोडते.

दीक्षाभूमी विमानतळापासून फार लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथं धम्मदीक्षा घेतली, ती ही जागा. स्तूपाच्या आतला गार घुमट आणि शांतता यासाठी तासभर तरी ठेवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास तिथं लाखो लोक येतात. त्या दिवसांत जायचं तर श्रद्धेनं, गर्दीची तयारी ठेवून जा, धावत्या फेरीत ती भेट बसवू नका. नंतर झिरो माइलचा दगडी खांब, तर्री पोहे, हिवाळा असेल तर संत्री. सेवाग्राम याच फेरीत उरकायचा मोह होतो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात, तेव्हा आवरा. एप्रिल-मेमध्ये वयस्कर माणसांना नागपूरला नेऊ नका, तिथलं ऊन आपल्या जत-आटपाडीच्या उन्हापेक्षाही कडक.

चालायला त्रास होत असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. आयत्या वेळी मागितली तर थांबावं लागतं. आई ‘मी काय आजारी आहे काय’ म्हणून रागावली होती. पण लोहगावच्या टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणीपासून दारापर्यंतचं अंतर बघितल्यावर बसली.

चेन्नईत भाषेचं कसं?

मोडकं इंग्रजी आणि बोटानं दाखवणं, एवढ्यावर भागतं. त्याहून मोठा दिलासा म्हणजे मेट्रो विमानतळातच येते. निळ्या मार्गावर बसलात की बदल न करता सेंट्रल, हायकोर्ट, मन्नडीपर्यंत जाता येतं. रिक्षाशी घासाघीस नाही, ट्रॅफिकची भीती नाही, परतीचा वेळ मिनिटाच्या हिशेबानं ठरवता येतो. दिवसाच्या फेरीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडच्या माणसानं चेन्नईत जाऊन बघावं असं एक ठिकाण जॉर्ज टाऊनमधल्या थंबू चेट्टी स्ट्रीटवर आहे: कालिकांबाळ मंदिर. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी ३ ऑक्टोबर १६७७ ला छत्रपती शिवाजी महाराज इथं दर्शनाला आले होते असं मंदिरात नोंदवलेलं आहे. छत्रपतींच्या गादीच्या साताऱ्याहून आलेल्या माणसाला त्या गल्लीत उभं राहून काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही. माझ्यासोबत साताऱ्याचे मामा होते, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

लक्षात ठेवायचं एवढंच की दक्षिणेतली देवळं दुपारी बंद असतात, साधारण बारा-साडेबारा ते चार. म्हणून सकाळी थेट मंदिर, आणि दुपारी एग्मोरचं सरकारी संग्रहालय. ते १८५१ चं आहे, चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन तर दोनदा फिरावं असं.

बंगळूर जवळ आहे, विमानंही भरपूर. तुम्ही नको का म्हणता?

कारण विमानतळ देवनहळ्ळीला आहे आणि शहर पस्तीसेक किलोमीटर लांब. सकाळी एक वेळ जाता येतं. संध्याकाळी परत फिरताना हेब्बाळच्या पुलाजवळ गाडी उभी राहते ती राहतेच. माझं परतीचं विमान एकदा तिथंच चुकलं. दोन तास पुरतील असा माझा हिशेब होता, पाऊस आला आणि अडीच लागले. ती रात्र विमानतळावर बसून काढली आणि सकाळचं तिकीट नव्यानं घेतलं.

जायचंच असेल तर शहरात शिरू नका. नंदी टेकड्या आणि देवनहळ्ळीचा किल्ला विमानतळाच्याच बाजूला आहेत. टिपू सुलतानाचा जन्म देवनहळ्ळीचा.

दिल्ली एका दिवसात?

होते, पण थकवते. उड्डाणच सव्वादोन तासांच्या आसपास. जमेची बाजू म्हणजे टर्मिनल तीनवरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला आणते. पहाटेचं पहिलं विमान आणि रात्री आठ-नऊनंतरचं परतीचं, एवढी जोडी मिळाली तरच जा. लाल किल्ला आणि चांदणी चौक, किंवा हुमायूनची कबर आणि इंडिया गेट. आग्र्याचा विचारही या फेरीत करू नका.

कोल्हापूरहून तिरुपतीला विमान जातं. बालाजीचं दर्शन एका दिवसात?

अंबाबाई आणि बालाजीचं नातं आपल्याकडं घराघरांत आहे, नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. म्हणून हा प्रश्न फार मनापासून विचारला जातो. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. रेणिगुंट्याला उतरून तिरुपती, मग डोंगराचा घाट, मग रांग. तीनशे रुपयांचं विशेष प्रवेश दर्शनाचं तिकीट आधी ऑनलाइन काढलं तरी आत किती वेळ लागेल हे कुणाच्या हातात नसतं. देवाच्या दारात घड्याळ बघत उभं राहायची वेळ येऊ नये. तिरुपतीला एक मुक्काम ठेवाच.

वार कुठला निवडावा?

बघायच्या जागेचा सुट्टीचा वार आधी बघा. सालारजंग, चौमहल्ला आणि एग्मोरचं संग्रहालय शुक्रवारी बंद. दिल्लीचा लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी. रविवारी गर्दी होते, पण रस्ते मोकळे मिळतात. रजेची अडचण नसेल तर मंगळवार किंवा बुधवार उत्तम.

महिना?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातून दोन शहरं वगळा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर दिल्लीत धुकं असतं आणि सकाळची विमानं तासन् तास खोळंबतात. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर परतीच्या मोसमाचा मुसळधार पाऊस असतो. त्या शहरासाठी जानेवारी-फेब्रुवारी धरा.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या बाजूचीच काळजी जास्त. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वाढायला लागली की तिकिटाचा मोह सोडून घरी थांबायचं.

सांगलीहून लोहगावला रात्री कसं पोहोचायचं?

महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री दहाच्या सुमारास सांगलीत येते, झोपून गेलात की तीनच्या आसपास पुणे स्टेशन. तिथून लोहगाव दहा किलोमीटरच्या आत, रस्ता रिकामा. पहाटे साडेपाच-सहाच्या विमानासाठी अगदी बेताची वेळ. परतताना विमान रात्री दहा-साडेदहापर्यंत पुण्यात उतरलं तर हीच गाडी मुंबईहून बाराच्या पुढं पुण्याला येते आणि उजाडायच्या सुमारास सांगलीत सोडते. जाता-येता बर्थवर पाठ टेकते, म्हणून तो दिवस सोसतो.

इथं एक चूक हमखास होते. परतीची गाडी पुण्याहून रात्री बारानंतर सुटते, म्हणून तिकिटावर तारीख दुसऱ्या दिवसाची हवी. शनिवारी फिरून शनिवारी रात्री निघणार असाल तर तिकीट रविवारचं काढायचं. आमच्या ओळखीत दोन घरांनी आदल्या दिवसाचं तिकीट काढून रात्र स्टेशनवर काढली आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, विमानाचं तिकीट काढायच्या आधी रेल्वेची जागा बघा. वेळाही तेव्हाच तपासून घ्या.

साताऱ्याहून वेगळं काय?

तुम्हाला पुणे एकशे दहा-पंधरा किलोमीटर. रात्री एक-दीडला निघालात तरी सहाचं विमान मिळतं. रात्री स्वारगेटच्या एसटीनं जाऊन तिथून रिक्षा केली तरी चालतं. रेल्वे तुम्हाला फारशी सोयीची नाही, स्टेशन माहुलीकडं आणि वेळ अडनिडी. शनिवार-रविवार आणि सणाच्या तोंडावर खंबाटकीच्या घाटात ट्रक आडवा झाला की दोन तास जातात, तेवढे हाताशी ठेवा.

स्वतःची गाडी घेऊन गेलो तर?

जाताना हरकत नाही. प्रश्न परतीचा आहे. पहाटे उठलेला, दिवसभर चाललेला माणूस रात्री अकराला लोहगावहून स्टिअरिंग धरतो आणि पेठ नाक्यापर्यंत डोळे मिटायला लागतात. सांगलीकरांनी हे करूच नये. ड्रायव्हर सांगा, तो दिवसभर पुण्यात झोप काढेल, किंवा रेल्वेनं या.

परतीचं विमान उशिरा असेल किंवा रद्द झालं तर?

शेवटचं विमान घेऊ नका, शेवटून दुसरं घ्या. म्हणजे काही झालं तर मागं एक उरतं. डीजीसीए म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर कंपनीनं खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री आठ ते पहाटे तीनमधलं उड्डाण सहा तासांपेक्षा जास्त लांबलं तर राहायची सोयही. काउंटरवर जाऊन शांतपणे पण स्पष्ट मागा. औषधं मात्र नेहमी दोन दिवसांची जवळ ठेवा.

सामान किती?

सात किलोच्या आतली एक पिशवी, हातातच. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. मिरची पूड हातात चालत नाही. सुकं खोबरं तर घरीच ठेवा. कुणाकडं जाणार असाल तर साताऱ्याचे कंदी पेढे किंवा सांगलीचे बेदाणे न्या, त्यांचा त्रास होत नाही. वेब चेक-इन घरून करा. विमान सुटायच्या पंचवीस मिनिटं आधी दार बंद होतं, त्यानंतर विनवण्यांचा उपयोग नाही.

खिडकीची जागा कुठल्या बाजूची?

पहाटे पुण्याहून दिल्लीकडं जाताना उजवीकडून ऊन डोळ्यावर येतं, तेव्हा डावीकडची, म्हणजे ए अक्षराची घ्या. संध्याकाळी चेन्नई-हैदराबादहून परतताना मावळतीचा सूर्य समोर असतो, दोन्ही बाजू चांगल्या. फक्त पंखावरच्या ओळी टाळा, तिथून खालचं काही दिसत नाही. जागा निवडायला थोडे पैसे जास्त पडतात. पहिल्यांदा बसणाऱ्या माणसासाठी ते द्याच, आणि उतरेपर्यंत पडदा त्यांच्याच हातात राहू द्या.